पथ्याचा पिझ्झा, रोग्याला वगळून

2012 साली अमेरिकेत डॉमिनोजने ग्लुटेनमुक्त पिझ्झा आणला आणि त्याच दमात सांगून टाकलं की, सिलिअ‍ॅक असलेल्यांनी तो खाऊ नये. पत्रिकेवर नवरदेवाचं नाव आणि मांडवात नवरदेवालाच मज्जाव! कारण मात्र खरं होतं. पोळी वेगळी असली तरी ओटा तोच, पळी तीच आणि हवेत उडणारा मैदाही तोच. सिलिअ‍ॅकमध्ये गहू-जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते, आणि जन्मभराचं पथ्य हाच त्यावरचा उपचार. आपल्याकडे नियमाने ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे फार तर 20 मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. एका ग्रॅम मैद्यात ते सुमारे 80 मिलिग्रॅम असतं. म्हणजे चिमूटभर मैदा चार किलो पीठ बाटवू शकतो. निदान कंपनी खरं बोलली, असं कोणी म्हणेल. बोलली, कबूल. पण मग हा पथ्याचा पिझ्झा ज्यांना काटेकोर पथ्याची गरज नाही त्यांच्यासाठीच उरला.

हे वाचून कोकणातल्या वेळणेश्वरचा माणूस मिशीत हसेल. तांदळाची भाकरी, घावणे, उकडीचे मोदक, सोलकढी. आमचं सगळं मुळातच ग्लुटेनमुक्त, फक्त पाटी लावायची राहिली! पण पाटी लावायची घाई करू नये. कुळथाच्या पिठीला हिंगाची फोडणी लागते आणि बाजारातला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैद्यात नाहीतर कणकेत बांधलेला असतो. सुरमई रव्यात घोळवून तळायची आणि उरलेल्या तेलात बटाट्याच्या काचऱ्या परतायच्या. शिवाय पर्यटकाला चपाती लागतेच, मग भाकरी त्याच तव्यावर पडते. सगळं घरगुती, सगळं ताजं, आणि रोग्याच्या दृष्टीने पिझ्झ्याच्या ओट्याहून तसूभरही वेगळं नाही. इकडे हा रोग आहेच कुठे, हा पुढचा प्रश्न. रक्ततपासणीवर आधारलेल्या एका पाहणीत या रोगाकडे बोट दाखवणारी प्रतिपिंडं उत्तर भारतात 1.23 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळली होती, हे खरं. पण समुद्र बघायला येणारा माणूस कुठल्या प्रांताचं आतडं घेऊन येतो, हे खोली देताना कोण विचारतं?

गंमत अशी की, स्पर्शाने अन्न बाटतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. देवाचा नैवेद्य सोवळ्यात रांधायचा, त्याची भांडी निराळी, ओलेत्याने पाणी भरायचं, मधे कोणाची सावली नको. माणसाच्या शिवण्याने अन्न बाटतं, असं म्हणत पिढ्यान् पिढ्या माणसांना अंगणाबाहेर उभं केलं. त्याला ना पुरावा होता, ना लाज. आता पिठाच्या शिवण्याने अन्न खरोखर बाटतं, त्याला पुरावा आहे, तर वेगळा तवा मागणारा रोगी नखरेल ठरतो. ‘एवढ्याशानं काय होतंय?’ हे त्याला त्याच ओटीवर ऐकवलं जातं. वेगळा तवा, वेगळं पोळपाट आणि निराळं तेल यांचा खर्च परवडत नाही, ही तक्रार छोट्या खानावळीच्या तोंडी शोभते. मग तिने तसं सरळ सांगावं. न जमणारी गोष्ट नाकारण्यात कमीपणा नाही. मोठ्या साखळीला ती सबब नाही.

तोवर पथ्यवाल्याने जेवण सांगण्याआधी खानावळीतली हिंगाची डबी मागून घ्यावी आणि तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचावीत.