डाव्या बाजूची सुपारी

उदगीरच्या माणसाला युद्धशास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. किल्ल्याच्या तटाखाली शेरडे हिंडवता हिंडवता ते त्याच्या अंगी मुरते, अशी आमच्या गावाची स्वतःविषयी प्रामाणिक समजूत आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला जेरीस आणले आणि तहात सुमारे ६० लक्षांचा मुलूख पदरात पाडून घेतला. त्या लढाईला इतिहासाने आमच्या गावाचे नाव दिले, आणि तेव्हापासून बसस्थानकासमोरच्या टपरीवर चहा पिणारा प्रत्येक उदगीरकर हा थोड्याफार फरकाने भाऊसाहेबांचा निवृत्त सल्लागार होऊन बसला आहे. वास्तविक निजामाची फौज उदगिराहून निघून औशाच्या बाजूने धारूरकडे सरकत होती, आणि निकराची झटापट झाली ती औशाच्या आसमंतात. परंतु कोणा औसेकराने हा मुद्दा काढला, की आम्ही विषय मोठ्या खुबीने देवणीच्या बैलांकडे वळवतो.

अशा गावचा रहिवासी असल्यामुळेच, कोल्हापुरात स्थायिक झालेले आणि भूमी अभिलेख खात्यातून सेवानिवृत्त झालेले माझे साडू यांनी फुटबॉलच्या मोसमातील पहिल्याच, आणि तोही दोन हाडवैरी तालमींमधल्या, सामन्याचे आवतण मला धाडले, तेव्हा त्यात पाहुणचारापेक्षा लष्करी निकड अधिक असल्याचे माझ्या ध्यानात आले. “साडूभाऊ, तुम्ही यावेच,” त्यांनी फोनवर बजावले. “इथे सगळे बोलणारे आहेत. ऐकून घेऊन निवाडा देणारा कोणी नाही.” त्या दोन तालमींची नावे मी येथे देणार नाही. कारण साधे आहे: मला पुन्हा कोल्हापूरला जायचे आहे.

उदगिराहून आगगाडीने कोल्हापूर गाठायचे तर प्रथम लातूर रोड गाठावे लागते. हे स्थानक लातुरात नाही, चाकूर तालुक्यात आहे, आणि येथे उतरून ‘आले एकदाचे लातूर’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारी परगावची वऱ्हाडे मी पाहिली आहेत. तेथून लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला आणि मिरज अशी जी गाडी जाते ती आठवड्यातल्या ठरावीक वारीच जाते, आणि उदगीरहून येणारी गाडी तिला गाठेल की नाही, हा सर्वस्वी दैवाधीन मामला असतो. कुर्डुवाडीला एक वयोवृद्ध वारकरी माझ्या शेजारी येऊन बसले. एवढ्या लांबून कोणत्या यात्रेला निघालात, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी फुटबॉलची हकीकत सांगितली आणि हा खेळ मुख्यत्वे पायांचा आहे असा खुलासा केला. “मग बरा आहे,” ते प्रसन्न होऊन म्हणाले, “आमचंही सगळं पायांचंच.” आणि तेच पाय बाकावर ऐसपैस पसरून ते पंढरपूरपर्यंत गाढ झोपी गेले. पुढचा प्रवास मी दरवाजाजवळ उभ्यानेच केला.

कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी बाहेरच्या माणसाला आधी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून काढले आणि पेठापेठांतून तालमी नांदू लागल्या, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्याच तालमींच्या नावांनी आज फुटबॉलचे संघ खेळतात, हे ठाऊक नसलेला मनुष्य येथे पहिल्याच सायंकाळी गोंधळात पडतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, वेताळमाळ, उत्तरेश्वरची वाघाची तालीम ही नावे ऐकून मला वाटले, की उद्या सामन्याऐवजी दंगलच पाहावयास मिळणार. आणि साडूंनी ती शक्यता अगदीच फेटाळून लावली नाही. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन १९४० पासून या सर्वांचा कारभार पाहते, वरिष्ठ गटाच्या साखळीत १६ संघ असतात, सामने शाहू स्टेडियमवर होतात, आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली तेव्हा भारताच्या चमूत खेळलेला अनिकेत जाधव हा याच मातीतला, ही माहिती तर मला रिक्षावाल्याने स्थानकापासून घरापर्यंतच्या अंतरात, मीटरकडे न पाहता, दिली.

मसलत बसली ती रात्रीची जेवणे उरकल्यावर, तालमीत. एका अंगाला लाल मातीचा हौदा, कोनाड्यात शेंदूरचर्चित मारुती, भिंतीला टेकून ठेवलेली आणि कित्येक वर्षांत कोणाच्या हाताला न लागलेली करेलांची जोडी, आणि या सर्वांच्या मध्यभागी, पिठूळ उजेडाच्या ट्यूबलाइटखाली, एका पिंपावर ठेवलेला कॅरमबोर्ड: हा आमचा खलबतखाना होता. पांढऱ्या सोंगट्या आमच्या, काळ्या त्यांच्या, लाल राणी म्हणजे चेंडू, आणि दोन्ही टोकांस चहाचे उपडे पेले म्हणजे गोल, अशी तजवीज ठरली. तजवीज उत्तम होती. तीत खोट एवढीच होती की कॅरमच्या सोंगट्या प्रत्येक रंगाच्या नऊच असतात आणि फुटबॉलमध्ये गडी अकरा लागतात. आमच्या बाजूची उणीव तत्काळ भरून काढण्यात आली: गोलरक्षक म्हणून स्ट्रायकर उभा राहिला आणि डाव्या बॅकच्या जागी कोणीतरी पानाच्या डब्यातील एक सबंध सुपारी ठेवली. शत्रूच्या बाजूस मात्र दोन गडी कमी आहेत, याची दखल घेण्याची गरज कोणासही भासली नाही, कारण शत्रूला कुमक पुरवणे हे कोणत्याच युद्धशास्त्रात बसत नाही. त्यामुळे त्या रात्री पहाटेपर्यंत जे डावपेच लढवले गेले ते सर्व नऊ जणांच्या फौजेविरुद्ध लढवले गेले, आणि त्यांतील एकही फसला नाही.

वादाचा पहिला मुद्दा गेल्या मोसमाचा होता. गेल्या मोसमात या दोघांच्या सामन्यात उजव्या बगलेतून चेंडू आत आला होता आणि त्या एका गोलाने पेठेची मान खाली गेली होती. सबब यंदा उजवी बगल अशी बंद करायची की त्या वाटेने मुंगीसुद्धा आत येता कामा नये, यावर सर्वांचे एकमत होते. साडूंनी, ज्यांची उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी मोजण्यात गेली होती, दोन सोंगट्या उजवीकडे सरकवल्या. दुसऱ्याने आणखी एक सरकवली. मधल्या फळीतील एक सोंगटी काटकोनात वळून मदतीस गेली. युरोपातील सामने रात्र-रात्र जागून पाहणारा एक तरुण, ज्याच्या अंगात तालमीचा नव्हे तर कोणत्या तरी परदेशी संघाचा सदरा होता, तो कळकळीने सांगत होता की या सगळ्यापेक्षा ‘हाय प्रेस’ करावा आणि पुढे ‘फॉल्स नाइन’ ठेवावा.

“म्हंजे?” तालमीचे वस्ताद पहिल्यांदाच बोलले. वय ऐंशीच्या घरातले, कानांच्या पाळ्या कुस्तीने चेचलेल्या, मांडीवर अडकित्ता.

“म्हणजे वस्ताद, खेळ सुरू झाल्याबरोबर त्यांच्याच हद्दीत जाऊन चेंडू हिसकावायचा.”

“सलामी झाल्या झाल्या पट काढायचा, असं म्हण की सरळ. आणि ते दुसरं?”

“पुढचा गडी पुढं आहे असं दाखवायचं, आणि तो असतो मागं.”

“हूल,” वस्तादांनी निर्णय दिला. “ह्यात नवीन काय सांगितलंस?”

तो तरुण गप्प बसला. त्याने रात्र-रात्र जागून मिळवलेले ज्ञान हौद्यातल्या मातीत दोन शब्दांत गाडले गेले होते, आणि मला त्याच्याविषयी मनापासून सहानुभूती वाटली.

मग मामला भाडोत्री खेळाडूंवर आला. गेली काही वर्षे कोल्हापूरच्या तालमी नायजेरियाहून आलेले गडी आपल्या संघात घेतात, आणि गतवर्षी प्रतिपक्षाकडून खेळलेला एक स्थानिक गडी यंदा आमच्याकडे आला होता. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, यावर दोन तट पडले. कोल्हापूरकर या तालीम बदलण्याकडे ज्या संतापाने पाहतात तो मला समजू शकला नाही, कारण आमचे गाव जागचे तसूभर न हलता निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात, १९५६ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात खेळत आले आहे. तरीही साडूंनी निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले आणि “पाव्हणे उदगीरचे आहेत,” एवढीच माझी सनद वाचून दाखवली.

मी इब्राहिमखान गारद्याची हकीकत सांगितली. बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झालेला हा तोफखान्याचा सरदार आधी निजामाच्या चाकरीत होता. ती सुटल्यावर भाऊसाहेबांनी त्याला आपल्याकडे घेतले, आणि उदगीरच्या मोहिमेत त्याच्याच तोफा त्याच्या जुन्या धन्यावर चालल्या.

खोलीत जी शांतता पसरली ती आदराची होती.

“म्हंजे मागच्या सीझनला निजामाकडं,” एकाने बोटावर मोजल्यासारखे म्हटले, “आणि ह्या सीझनला आपल्याकडं!”

“आणि पैलीच मॅच जुन्या टीमशी!”

“मारली की ओ पाव्हणं, मारली!”

गारद्याच्या पुण्याईने त्या गड्याला आघाडीवर खेळवायचे ठरले. माझ्यासाठी दूध-कोल्ड्रिंक आले. एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरे झाले असते असे म्हणण्याचेही कारण नाही, कारण थांबू देणारे तेथे कोणी नव्हते. वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवून अत्यंत स्वाभाविक जिज्ञासेने विचारले:

“मग त्यांची पुढची मॅच कुणाबरुबर झाली?”

“अब्दालीबरोबर,” मी म्हणालो. “पुढच्या संक्रांतीला.”

“कुठं?”

साडूंनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, परंतु इतिहासात भुवयांना स्थान नाही. “पानिपतावर,” मी म्हणालो.

त्यानंतर आघाडीच्या गड्याविषयी फेरविचार सुरू झाला आणि तो पहाटेच्या पहिल्या कोंबड्यापर्यंत चालला. मध्यरात्रीनंतर केव्हा तरी माझ्या असे लक्षात आले की बोर्डावर आमच्या डाव्या बाजूला कोणीच नाही. सुपारी गेली होती. वस्ताद डोळे मिटून, संथपणे, विचार करीत असल्यासारखे जबडा हलवीत होते, आणि मांडीवरच्या अडकित्त्याच्या पात्याला ताजा भुसा लागलेला होता. पेठेत पन्नास वर्षे ज्यांचा शब्द खाली पडला नाही त्यांच्या तोंडातून डावा बॅक परत मागण्याची छाती तेथे कोणाला असणार? शिवाय गेल्या वर्षी डावीकडून काहीच झाले नव्हते.

सामन्याविषयी मी थोडक्यातच सांगतो, कारण ज्याला सामना म्हणावे तो माझ्या दृष्टीने आदल्या रात्रीच संपला होता. स्टेडियमवर पोलिसांचा बंदोबस्त असा चोख होता की जणू कोणी मंत्री येणार आहेत. दोन्ही पेठांचे समर्थक समोरासमोरच्या पायऱ्यांवर मुद्दाम अलग बसवले होते, आणि त्या दोहोंमध्ये हलगीच्या कडकडाटाची देवाणघेवाण अखंड चालू होती. प्रतिपक्ष मैदानात उतरला तेव्हा आमच्या बाजूला किंचित कुजबुज झाली. साडू पुढे वाकून मोजू लागले. ते अकरा होते.

उजव्या बगलेत आमचे एवढे गडी दाटले होते की तेथे चेंडूलाही शिरायला वाव नव्हता. त्या बाजूने मुंगी आत आली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पूर्वार्ध संपता संपता प्रतिपक्षाचा एक काटकुळा पोरगा डावीकडच्या मोकळ्या रानातून, कोणाचाही निरोप न घेता, चेंडू घेऊन थेट गोलापर्यंत गेला. आमच्या पायऱ्यांवर कोणी ओरडले नाही, कोणी कपाळाला हात लावला नाही. सर्वांच्या माना एकाच वेळी वस्तादांकडे वळल्या आणि एकाच वेळी पुन्हा मैदानाकडे वळल्या. वस्ताद पान लावीत होते.

उत्तरार्धात आमची परतफेड झाली ती अशी की कॉर्नरवरून आलेला चेंडू त्यांच्याच एका बॅकच्या गुडघ्यावर आपटून त्यांच्याच जाळ्यात गेला. ‘हाय प्रेस’वाल्या तरुणाने हे सतत दडपण ठेवल्याचे फळ असल्याचे सांगितले, वस्तादांनी ते मारुतीकडे वर्ग केले, आणि साडूंनी नकाशा काढून दाखवावा तशा बोटांनी हवेत रेघा मारून तो गुडघा त्या क्षणी नेमका तेथेच का असणार होता हे सिद्ध केले. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला, आणि दोन्ही पेठांनी तो आपापल्या परीने जिंकला.

बाहेर पडताना पायऱ्यांवरच पुढील मसलतीची बीजे पेरली जात होती: यंदा घाला डावीकडून आला, सबब पुढच्या गाठीला डावी बगल अशी बंद करायची की मुंगीसुद्धा आत येता कामा नये. उजवीकडचे सर्व गडी आता डावीकडे जाणार होते. त्या पोकळीत काय ठेवायचे, हे मी विचारले नाही.

मला निरोप द्यायला मध्यवर्ती बसस्थानकावर साडू, वस्ताद आणि तो तरुण असे तिघेही आले, आणि मी परत कोणत्या वाटेने जावे, या प्रश्नावर तेथेच उभ्या उभ्या बैठक बसली. साडूंचे म्हणणे पडले की गेल्या आषाढात त्यांचे एक व्याही पंढरपूरमार्गे गेले आणि वारीच्या गर्दीत अडकून पडले, त्यामुळे ती वाट मुळीच धरू नये. तरुणाने फोनवरचा नकाशा उघडून सोलापूरमार्गे लातूर असा बेत सुचवला. वस्तादांनी त्याला विचारले की ह्यात नवीन काय सांगितलंस. मी एवढेच नम्रपणे सुचवून पाहिले की समोर इंजिन सुरू करून उभी असलेली एक लाल गाडी कोठे जाते हे कंडक्टरला विचारावे.

“ती न्हवं तुमची,” वस्ताद ठामपणे म्हणाले, आणि गाडी वळण घेऊन फाटकातून बाहेर पडताना तिच्या कपाळावरची ‘लातूर’ ही पाटी आम्ही चौघांनीही वाचली.