पिशवीवाले भाऊ

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की आमच्या भोईवाड्यात भाऊंची तब्येत उतरते. धावायचं असतं वहिनींना, भूक मात्र भाऊंची मरते. "आमचा लाँग रन झाला", "आमचं आता टेपरिंग चालू आहे", असं ते दूधवाल्यालाही ऐकवतात. दूधवाला बिचारा एकदा त्यांच्या पोटाकडे बघतो आणि हिशोबाची वही पुढे करतो. भाऊ स्वतः कधी बस पकडायलाही धावलेले नाहीत. कारण विचारलं तर पँट वर करून उजवा गुडघा दाखवतात. तो म्हणे नरे पार्कात टेनिस बॉलच्या मॅचमध्ये गेला. कोणत्या साली गेला, ते ऐकणाऱ्याच्या वयावर ठरतं.

वहिनी केईएममध्ये सिस्टर. उभं आयुष्य वॉर्डात उभ्यानं काढलेली बाई. पन्नाशीत साखर जरा वर सरकली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्यात फार वेळ जातो म्हणून त्या धावायला लागल्या, इतकी साधी गोष्ट. त्या स्वतः याहून जास्त काही सांगतही नाहीत. त्यांच्या वाटणीचं भाऊ बोलतात.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. सुरुवातीच्या काळात घराघरांतले नवरे धावत आणि बायका आझाद मैदानात कोरडे टी-शर्ट घेऊन बसत. त्यांचं कोणी कौतुक केलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. पुढे बायका धावू लागल्या आणि पिशवी नवऱ्यांच्या हातात आली. फरक पडला तो इथे. बायको पिशवी धरते तेव्हा ती पिशवी धरते. नवरा पिशवी धरतो तेव्हा तो 'सपोर्ट' करतो.

भाऊंची पिशवी बघण्यासारखी आहे. दादरच्या एका साडीच्या दुकानाची, बंद जाड, एका कडेला दोनदा शिवलेली. आत वेलची केळी, राजगिऱ्याच्या वड्या, इलेक्ट्रालच्या पुड्या, औषधाच्या जुन्या डबीत मीठ, लिंबाच्या फोडी, व्हॅसलिन, आयोडेक्स, मोज्यांचा जोड, सेफ्टी पिना आणि एक छत्री. जानेवारीत छत्री कशाला, असं मी विचारलं होतं. "हवामान खात्यावर विसंबून मॅरेथॉन होत नाही," असं उत्तर मिळालं. सगळ्यात खाली स्टीलच्या डब्यात उपमा असतो. तो भाऊंचा. सपोर्ट रिकाम्या पोटी होत नाही.

ऑक्टोबरपासून सराव सुरू होतो. वहिनी पहाटे साडेचारला निघतात, नायगावहून फाइव्ह गार्डनला जातात, तिथे फेऱ्या मारतात आणि परत येतात. भाऊ स्कूटरवर मागे. पुढे धावणारी बाई, मागे दहा पावलांवर मफलर गुंडाळलेला इसम, स्कूटरचा वेग ताशी आठ किलोमीटर. रात्रपाळीच्या हवालदारानं त्यांना एकदा अडवलंच.

"काय हो, बाईंच्या मागे कशाला?"

"माझी बायको आहे ती!"

"बायको आहे तर मग पळतेय का?"

भाऊंनी त्याला पेस, इंटर्व्हल आणि हार्ट रेट समजावून दिला. तोवर वहिनी दिसेनाशा झाल्या होत्या आणि नायगावची कुत्री स्कूटरभोवती जमली होती. कुत्री धावणाऱ्या माणसाच्या मागे लागतात हा समज खोटा आहे. ती भाऊंच्या मागे लागतात. त्या दिवशी वहिनींनी सरावातली त्यांची सगळ्यात चांगली वेळ दिली. भाऊ अजून म्हणतात, "मी मागे होतो म्हणून."

मात्र भाऊंची सगळीच थट्टा करणं बरं नाही. वहिनी पहिल्यांदा ट्रॅक पँट घालून जिना उतरल्या तेव्हा गॅलरीत कुजबुज झाली. 'या वयात', 'लेकीचं लग्न व्हायचंय', असलं काहीबाही. भाऊ बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "पाय माझ्या बायकोचे आहेत, चाळ कमिटीचे नाहीत." एरवी तासभर बोलणाऱ्या माणसानं एका वाक्यात विषय मिटवला, म्हणून लोक घाबरलेच. शिवाय दर रविवारी वरणभाताचा कुकर आता तेच लावतात. माझ्या मते त्यांचा खरा सपोर्ट हा एवढाच. पण कुकर लावल्याचं ते कोणाला सांगत नाहीत, पिशवीचं सांगतात.

मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटरच का, हे भोईवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही आता पाठ आहे. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुटली आणि राजघराण्याच्या सज्ज्यासमोर संपली, ते अंतर पुढे 1921 साली कायमचं ठरलं. "त्यांना खुर्चीतून नीट दिसावं म्हणून आज आम्ही मरतोय," हे भाऊंचं त्यावरचं भाष्य. वहिनी हाफला उतरतात, म्हणजे 21 किलोमीटरला, हे त्यांच्या लेखी गौण.

त्यांची दुसरी लाडकी कथा झातोपेक दांपत्याची. एमिल झातोपेक आणि डाना, दोघांची जन्मतारीख एकच, 19 सप्टेंबर 1922. ("पत्रिका बघायचं कामच नाही!") 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एमिलनं पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली, त्यातली मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदा धावून. आणि पाच हजार मीटर त्यानं जिंकली त्याच दुपारी डानानं भालाफेकीत सुवर्ण मिळवलं. "नवऱ्याची प्रेरणा!" असं म्हणून भाऊ इथे थांबतात. एका संध्याकाळी मी पुढचं सांगितलं. एमिलनंही हेच म्हटलं होतं, आपलं पदक बघून हिला स्फूर्ती आली म्हणून. त्यावर डाना म्हणाली, मग जा, दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती दे आणि बघ ती पन्नास मीटर भाला फेकते का. वहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय नाव म्हणालात तिचं?"

तेव्हापासून भाऊंनी बारामतीच्या लता करे धरल्या आहेत. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून नऊवारीत अनवाणी धावून ज्यांनी शर्यत जिंकली, त्या. त्यांच्यावर निघालेल्या सिनेमात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. भाऊ हे सांगताना मनापासून गहिवरतात. पण या गोष्टीत नवरा पिशवी धरून उभा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

शर्यतीच्या आधी बीकेसीच्या एक्स्पोत जाऊन नंबराचा बिब आणायचा असतो. स्पर्धकानं स्वतः जायचं हा नियम. भाऊ सोबत जातात आणि फुकट वाटलेल्या एनर्जी बारची एक वेगळी पिशवी भरून येते. शर्यतीच्या आदल्या रात्री ते झोपत नाहीत. वहिनी नऊला झोपतात.

हाफ माहीमच्या रेतीबंदरावरून पहाटे अंधारातच सुटते. त्या दिवशी रेल्वे पहाटेच्या जादा लोकल सोडते, त्यातल्या एकीनं दोघं माहीमला जातात. तिथून वांद्र्याकडून सी लिंकवर चढायचं, वरळीत उतरायचं, मग हाजीअली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह करत सीएसएमटी. वर्षभर पायी माणसाला मज्जाव असलेला सी लिंक त्या सकाळी धावणाऱ्यांना मोकळा असतो, बघ्यांना नाही. 5.6 किलोमीटर भाऊ दिसायची शक्यता नाही. वहिनींना अख्ख्या शर्यतीत हाच टप्पा सगळ्यात आवडतो. वाऱ्यामुळे, असं त्या म्हणतात.

भाऊ तोवर लोकलनं ग्रँट रोडला उतरून केम्प्स कॉर्नर गाठतात आणि पेडर रोडच्या चढावर जागा धरतात. गेल्या वेळी मीही गेलो होतो. तिथे पिशवीवाल्यांचं अधिवेशनच भरलेलं. ठाण्याचे एक, गिरगावातले दोन, बोरिवलीचे एक फोल्डिंग स्टूलसकट. प्रत्येकाच्या मोबाइलवर शर्यतीचं ॲप उघडं. "आमची किलोमीटरला सातच्या पेसनं चाललीये," भाऊ म्हणाले, "म्हणजे अडीच तासांच्या आत." बोरिवलीकरांनी सात गुणिले एकवीस तोंडी करून दाखवलं. मग वरच्या शंभर मीटरचं काय करायचं, यावर दोघांची जुंपली. त्या तणावात भाऊंनी चारही केळी संपवली.

वहिनी आल्या तेव्हा भाऊ रस्त्याकडे पाठ करून बोरिवलीकरांना सेकंद समजावत होते. मी हाक मारणार तोच वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. बाजूच्या इमारतीतल्या एका पोरानं मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढे केली होती, ती उचलली आणि चढ संपवून त्या दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळानं ॲपनं त्यांना मरीन ड्राइव्हवर दाखवलं. भाऊंनी आधी ॲपला शिव्या दिल्या, मग पिशवी काखेत मारली. रस्ते बंद, टॅक्सी नाही. ग्रँट रोड स्टेशनपर्यंत तो माणूस खरोखर धावला, गुडघ्यासकट.

आझाद मैदानात पोचलो तेव्हा वहिनी गळ्यात मेडल घालून गवतावर पाय पसरून बसल्या होत्या. भाऊंच्या कपाळावरचा घाम बघून त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि भाऊंच्या पिशवीतून मीठ काढून त्यात घातलं. दम परत येताच भाऊ म्हणाले, "पेडर रोडला आपण जरा वेळ घालवला."

"हो ना," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या वर्षीचा फॉर्म वहिनींनी भरला आहे. अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, त्या रकान्यात या खेपेस लेकीचा नंबर आहे. भाऊंना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.