निगमनाना

रायपूरच्या गोलबाजारात काय मिळतं, यापेक्षा काय मिळत नाही ते सांगणं सोपं. पाळण्याच्या दोरीपासून तिरडीच्या बांबूपर्यंत माणसाच्या आयुष्याचं सगळं सामान एका फेरीत उरकतं. हळकुंड, जडीबुटी, पितळेची समई, नवरदेवाचं मौर, सगळं आहे. विकत मिळत नाही ती फक्त बातमी. ती नाना फुकट देतात आणि तिच्यावर ऋतुमानानुसार एक सल्ला घालतात. नको म्हणायची सोय नाही.

नानांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. तात्यापाऱ्यात आणि गोलबाजारात ते निगमनाना. सिंचाई विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी शहराचा कारभार हाती घेतला. शहराला अजून कळवलेलं नाही, एवढंच. सकाळी साडेआठला काखेत कापडी पिशवी. पिशवीत एक फाईल, एक छत्री आणि दोन वर्तमानपत्रं, एक कालचं आणि एक आजचं. कालचं का, असं विचारलं तर म्हणतात, "आजच्यात काय बदललंय ते कळायला नको?"

सुरुवात ठरलेली. "ऐकलंत का?" मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतात. हा खाली आणलेला आवाज तीन दुकानांपलीकडे बांगड्या भरत बसलेल्या बाईला नीट ऐकू येतो. "मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण आज व्हाईट हाऊसवरून पक्की खबर आहे."

पुण्याहून आलेला आमचा एक भाचा हे ऐकून चहा सांडता सांडता राहिला होता. रायपुरात नगर निगमाच्या मुख्यालयाच्या पांढऱ्या इमारतीला सगळेच व्हाईट हाऊस म्हणतात, हे त्याला कुठून माहीत असणार? नाना मात्र तो शब्द अशा सुरात उच्चारतात की परराष्ट्र धोरण बदललंय की आमच्या गल्लीतली नाली उपसणार आहेत, याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. बहुतेक वेळा नालीच निघते.

नानांचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, 31 मार्चला संपतं, त्यावरून मोजायचं. मार्चच्या मध्यापासून ते घरोघर विचारत फिरतात, "संपत्तीकर भरला?" भरला म्हटलं तर पावती मागतात. पावती दाखवली तर ती कुठे ठेवावी ते सांगतात. (देवघराच्या खणात. तिथं कुणी रद्दीवाला हात घालत नाही.) कर गोळा करणारा कर्मचारी येतो तेव्हा लोकांना उलट हायसं वाटतं, कारण तो फक्त पैसे मागतो.

मग उन्हाळा. हा नानांचा खास ऋतू. रायपूरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की बाकीची माणसं सुकतात आणि नाना फुलतात. खिशात कांदा ठेवा, पन्हं प्या, कूलरला खस लावा, दर रविवारी कूलरचं पाणी पूर्ण उपसा, नाहीतर डेंगीचे डास तुमच्याच घरी बाळंत होतील. कांद्याबाबतीत ते स्वतः कडक आहेत. एका वर्षी सदऱ्याच्या खिशातला कांदा ते विसरले, सदरा खुंटीवर राहिला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, धुवायला काढला तेव्हा खिशातून हिरवी पात डोकावत होती. नानांनी ती पातही पुरावा म्हणून दाखवली. "बघा, लू लागली का मला? नाही ना?"

25 मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नऊ दिवसांचा नौतपा लागतो. हे नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला, मध्येच शिंतोडे आले तर नौतपा गळला आणि पाऊस हुकला, हा छत्तीसगढातल्या शेतकऱ्यांचा हिशेब. नाना त्या हिशेबाचे चोख मुनीम. भर दुपारी गोलबाजारात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असतं, दुकानदार ओली गमछी डोक्यावर घेऊन पेंगत असतात आणि नाना समाधानानं आकाशाकडे बघून म्हणतात, "तापू दे, तापू दे." एकदा एका पूजासामानवाल्यानं हात जोडले होते, "नाना, आपके घर में तपाइए, हमको छोड़ दीजिए."

बोरे बासीचं तर विचारूच नका. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीशी खायचा, हे इथल्या कष्टकऱ्यांचं जुनं अन्न. 2022 मध्ये 1 मेला, मजूर दिनी, सरकारनंच सगळ्यांना बोरे बासी खाण्याचं आवाहन केलं आणि मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे वाडगा हातात घेतलेले फोटो झळकले. नाना दिवसभर म्हणत होते, "मी किती वर्षं सांगतोय! शेवटी पटलं त्यांना." काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमच्याकडे मात्र शिळा भात फोडणी घातल्याशिवाय घशाखाली उतरत नाही." नाना ती बातमी पुढे नेत नाहीत.

जूनमध्ये त्यांची खरी परीक्षा. भाजीचा पसरा मांडून बसलेली बाई विचारते, "नाना, पानी कब गिरही?" नाना गंभीर होतात. मान्सून बस्तरच्या बाजूनं येतो, म्हणून "जगदलपूरला अडकलाय" असं सांगतात, पण सांगण्याचा सूर असा, की बस बिघडली म्हणून धाकटा जावई रस्त्यात खोळंबलाय आणि यांनी फोन करून चौकशी केली आहे. पण खरी गंमत पुढे. अंदाज एकच, पण तो ते तिघांना तीन तऱ्हेनं देतात. गच्चीवर पापड वाळत घातलेल्या वहिनींना सांगतात, "चारच्या आत काढा." मसाल्याच्या ठोक व्यापाऱ्याला, "खालच्या थप्पीतली मिरची वर घ्या, मागच्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं आठवतंय ना?" आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मुलाला, ज्याची स्कूटर पाण्यात बंद पडते, "अरे, आज पायी जा कॉलेजला." हवामान खात्याला रायपूर जिल्हा ठाऊक असेल. त्या मुलाच्या स्कूटरचा प्लग खात्याला कुठून ठाऊक?

नानांना पाण्याचं जास्तच माहीत आहे, तो जुन्या खात्याचा परिणाम. शेजारच्या वहिनींकडे एकदा सकाळी नळाला पाणी नव्हतं. नाना दारातून जात होते. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि सुरुवात महानदीपासून केली. धमतरीजवळचं गंगरेल धरण, तिथून कालव्यानं खारून नदीत सोडलेलं पाणी, मग भाठागाव, मग फिल्टर प्लँट, मग टाक्या. कुठल्या टप्प्यावर काय होऊ शकतं याचा ऊहापोह चालू असताना वहिनींच्या मोलकरणीनं गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक उघडला. खाली नळ धो धो सुरू झाला. नाना थांबले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सोडलं वाटतं वरून." मग जाता जाता, "उकळून प्या हं. पाइप नालीतून गेलेला असला की कावीळ ठरलेली." सल्ला बरोबर होता, म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

आषाढी अमावास्येला त्यांची दुप्पट धावपळ. आपली दिव्यांची अवस आणि इथली हरेली एकाच दिवशी. घरात दिवे घासायचे आणि दाराला कडुनिंबाची डहाळी खोचायची. ज्या घरावर डहाळी दिसत नाही तिथं नाना थांबून आत डोकावतात. गणपतीत विसर्जन कुंड महादेवघाटावर कुठल्या बाजूला आहे, देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, म्हणजे झाँकीच्या, रात्री जयस्तंभ चौकाकडे का जाऊ नये, पौषी पौर्णिमेला छेरछेरा मागायला येणाऱ्या पोरांसाठी वाटीत धान आधीच काढून ठेवावं, हे सगळं त्यांच्या पिशवीत असतं. थंडीत मात्र ते जरा मंद असतात. मफलरमधून बातमी नीट बाहेर येत नाही.

नानांची सदाबहार बातमी एकच: तात्यापारा चौक ते शारदा चौक हा रस्ता रुंद होणार. जेमतेम अर्धा किलोमीटर. तो रुंद होणार हे ऐकत आमच्या पाऱ्यातली पोरं मोठी झाली आणि त्यांच्या लग्नाच्या वराती त्याच अरुंद रस्त्यावर अडकल्या. तिथल्या एका दुकानदाराला शटर रंगवायचं होतं. नाना म्हणाले, "थांब, मोजणी व्हायची आहे." तो थांबला. दोन दिवाळ्यांनी परत विचारलं. "आता रंगवू नकोस, फाईल वर गेलीय." ते शटर आता अशा रंगाचं झालंय ज्याला कुठल्याच कंपनीच्या कार्डावर नाव नसेल. शास्त्री चौकातल्या स्कायवॉकबद्दलही तसंच. तो सांगाडा वर्षानुवर्षं डोक्यावर लटकत होता तेव्हा नाना दर महिन्याला तो पाडत होते आणि दर महिन्याला पूर्णही करत होते. 2025 मध्ये काम खरोखर पुन्हा सुरू झालं, तेव्हा बातमी घेऊन आलेल्या नानांवर कुणाचाच विश्वास बसेना.

इतिहासात त्यांना शिरू देऊ नये. 1867 साली रायपूरला नगरपालिका झाली, शंभर वर्षांनी निगम झाला, आणि नाना दोन्हींच्या पहिल्या बैठकीला हजर असल्यासारखे बोलतात. तिथून गाडी भोसल्यांवर, मग वामनराव लाखे आणि माधवराव सप्रे यांच्यावर. सप्र्यांनी 1900 मध्ये पेंड्रा इथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं, लाखे त्याचे प्रकाशक होते, आणि ते जेमतेम तीन वर्षं चाललं. नाना सुस्कारा सोडतात. "लोकांना माहिती द्यायची म्हणजे तोटा सोसावाच लागतो. सप्र्यांनी सोसला, मी सोसतोय." नानांचा तोटा म्हणजे चपलेचे तळवे आणि चहा, आणि चहाचे पैसे बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी देतो.

त्यांना खऱ्या अर्थानं खचलेलं मी एकदाच पाहिलं. आमच्या गल्लीतला दिवा गेला होता. नानांनी निगमाच्या 'निदान' या तक्रार सेवेच्या 1100 नंबरवर तक्रार नोंदवली, क्रमांक वहीत लिहिला, पुढच्या महिन्याभराच्या पाठपुराव्याचा आराखडा आखला, कुणाकुणाच्या सह्या घ्यायच्या ते ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिडी घेऊन दोघं आले आणि दिवा लावून गेले. नाना त्या खांबाखाली बराच वेळ उभे होते. "इतक्या लवकर?" ते म्हणाले. "नक्की नीट बसवलाय ना?" आठवडाभर ते रोज संध्याकाळी येऊन बघून जायचे. दिवा जळतच होता, काय करणार!

उलट आनंद पाहिला तो जुलै 2025 मध्ये. स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत रायपूरचा चौथा नंबर आला. अहमदाबाद, भोपाळ, लखनौ आणि मग आपण. नानांनी गोलबाजारात पेढे वाटले आणि पेढ्याचा कागद ज्यानं खाली टाकला त्याला तिथल्या तिथं उचलायला लावला. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, हे त्यांनी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक सुनेला माहेरच्या नात्यानं समजावलेलं असल्यामुळे तो नंबर निम्मा आपला, अशी त्यांची समजूत आहे. खोटी आहे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निगमाची निवडणूक होती. गेल्या वेळी, 2019 मध्ये, महापौर पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, निवडला होता. या वेळी थेट लोकांनी निवडायचा होता. बाजारातल्या टोळक्यानं नानांना पार्षदासाठी उभं राहायचा आग्रह केला. अर्धा चेष्टेत, अर्धा खरा. नाना विरघळले. फॉर्म आणला, फाईलमध्ये ठेवला, भाषणाची पहिली दोन वाक्यंही तयार केली. ("ऐकलंत का?" हे पहिलं.) रात्री काकूंनी ताट वाढता वाढता विचारलं, "निवडून आलात तर तक्रार कुणाकडे करणार?"

फॉर्म अजून फाईलमध्ये आहे.

मग ते मतदारांच्या मागे लागले. "दोन मतं द्यायची आहेत, एक महापौराला, एक पार्षदाला. एक देऊन पळून येऊ नका." आमच्या गल्लीतल्या नव्वदीच्या आजींना त्यांनी वर्तमानपत्रावर बटणं काढून सराव दिला. 11 तारखेला गल्लीतलं प्रत्येक माणूस बोटाला शाई लावून परतलं की नाना फाटकातच विचारत, "दोन्ही दिली?" दिली म्हटलं की वहीत टिक्. कुणाला दिलं हे मात्र ते विचारत नाहीत, कारण ते त्यांना आधीच ठाऊक असतं. चेहऱ्यावरून कळतं म्हणे. अडलं ते एकाच ठिकाणी. काकूंच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही आणि त्या सांगायलाही तयार नाहीत. नाना अजून सूत्रांकडे चौकशी करत असतात.