मंगळवार, दुपारी चार

सिडनीला जाऊन आलेला माणूस ऑपेरा हाउसबद्दल बोलतो. मीही बोललो असतो; पण ते बघायला आम्ही गेलो तेव्हा शेजारी टायगरआजोबा होते, आणि समुद्राकडे पाठ करून ते मला चौदा नंबरच्या जर्सीचं महत्त्व समजावून सांगत होते. त्यामुळे माझ्या डोक्यात ऑपेरा हाउस जरा धूसर आहे, चौदा नंबर मात्र लख्ख आहे.

सिडनीला जाण्याचं कारण ठाण्यात होतं. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षांत ताबा देतो म्हणणाऱ्या बिल्डरनं पहिल्या वर्षी नारळ फोडला, दुसऱ्या वर्षी फोन घेणं सोडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, भाड्याच्या घरात कुढत बसण्यापेक्षा इकडे या." ती होमबुशला राहते. सन २०२५ चा तिकडचा हिवाळा चालू होता, म्हणजे आपला पावसाळा. दोन घरं सोडून सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं राहायचं. त्यांच्या खिडकीत बारा महिने नारिंगी-काळा झेंडा; म्हणून माझ्या नातवानं गृहस्थांचं नाव टायगरआजोबा ठेवलेलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "काय मेट, तुमच्याकडे काय चाललंय?"

"रीडेव्हलपमेंट," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आमच्याकडेही तेच."

"किती वर्षं झाली?"

"२०१२ पासून."

त्यांची 'सोसायटी' म्हणजे वेस्ट्स टायगर्स हा रग्बी लीगचा क्लब. रग्बी दोन प्रकारची असते हे मला पहिल्या पाच मिनिटांत सांगण्यात आलं आणि पुन्हा घोटाळा करायचा नाही अशी समजही देण्यात आली. इंग्लंडच्या उत्तरेत १८९५ साली गिरण्या-खाणींच्या गावांतले क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमले आणि त्यांनी मूळ रग्बीशी काडीमोड घेतला. खेळायला गेलेल्या कामगाराचा बुडालेला रोज भरून द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खेळासाठी पैसे घेणं सभ्य माणसाला शोभत नाही, असं ज्यांचा रोज कधीच बुडत नव्हता त्यांचं म्हणणं. सिडनीत ही लीग १९०८ मध्ये आली. तेरा जण खेळतात. सहा वेळा अडवलं गेलं की चेंडू समोरच्यांच्या हवाली. "बाकीचे नियम पंचांनाही माहीत नाहीत," आजोबा म्हणाले.

आजोबा मूळचे बालमेनचे. बालमेन म्हणजे एके काळी गोदी, कोळशाची खाण आणि साबणाचा कारखाना. आता तिथल्या कामगारांच्या चिमुकल्या घरांची किंमत ऐकली की कामगाराचा नातू दोन उपनगरं मागे सरकतो. आजी लिडकमच्या, वेस्टर्न सबर्ब्जच्या. फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या घरात वाढलेल्या, आणि तो अभिमान त्यांनी अजून खाली ठेवलेला नाही. दोन्ही क्लब १९०८ चे आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे. लीगनं क्लबांची संख्या चौदावर आणायचं ठरवलं तेव्हा १९९९ च्या अखेरीस दोघांनी निमूटपणे विलीनीकरण केलं. या घरात ते त्याआधीच झालेलं होतं आणि आजींच्या मते तितकंच अर्धवट राहिलेलं होतं. सामने शहराजवळच्या लाइकार्ट ओव्हलवर व्हावेत असं आजोबांचं मत, तर पन्नासेक किलोमीटर नैर्ऋत्येला कॅम्पबेलटाउनला व्हावेत असं आजींचं. क्लब दोन्हीकडे खेळतो. त्यामुळे दोघंही कायम नाराज असतात, आणि संसार टिकलाय तो त्यामुळेच, असा माझा अंदाज.

घराचं घड्याळ मंगळवारी दुपारी चारला लावलेलं. त्या वेळी सगळ्या क्लबांचे संघ जाहीर होतात. आजोबा पावणेचारला बसत. विजेच्या बिलाच्या पाकिटामागे त्यांचा स्वतःचा संघ आधीच लिहून तयार असे. चार वाजता खरा संघ आला की ते दोन्ही समोरासमोर ठेवत आणि जिथं फरक पडे तिथं "हं" म्हणत. तेरा खेळाडू मैदानात, त्या मोसमात चार बाकावर, आणि सामनाभर मिळून आठ बदल करायची मुभा. एवढ्याशा हिशेबात माणसाचं पूर्ण निवृत्त आयुष्य मावू शकतं.

सगळ्यात मोठं "हं" चौदा नंबरला येई. नऊ नंबर म्हणजे हूकर, दर टॅकलनंतर जमिनीवरून चेंडू उचलणारा. तो ॲपी कोरोइसाउ. त्यानं पूर्ण ऐंशी मिनिटं खेळावं की शेवटची वीस मिनिटं दुसऱ्याला द्यावीत? दुसऱ्याला द्यायची तर बाकावरची एक जागा छोटेखानी माणसाला गेली, म्हणजे दांडगे फक्त तीन उरले. मग पासष्टाव्या मिनिटाला आपले दांडगे धापा टाकणार आणि समोरचे ताजेतवाने येऊन त्यांना तुडवणार. उलट चौघंही दांडगे घेतले आणि नऊ नंबरला लागलं तर? आजोबा दर आठवड्याला या प्रश्नाची एक बाजू घेत. प्रशिक्षक जी घेई तिच्या विरुद्ध.

यात एक पेच होता. प्रशिक्षक आहे बेंजी मार्शल. हाच २००५ च्या अंतिम सामन्यात विशीतलं पोर होता. होमबुशच्याच ऑलिंपिक स्टेडियमवर नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजविरुद्ध तो स्वतःच्या टोकाकडून सुटला, मैदानभर धावला, आणि अडवायला माणूस आला तेव्हा न बघता पाठीमागून चेंडू पॅट रिचर्ड्सकडे उडवला. रिचर्ड्स दुखऱ्या घोट्यानिशी पळत जाऊन कोपऱ्यात पडला. टायगर्स ३०-१६ जिंकले. क्लबाचं आजवरचं एकुलतं एक विजेतेपद. आता ज्या माणसानं तुमच्या आयुष्यातला सर्वोत्तम क्षण पाठीमागून दिला, त्याला तोंडावर शिव्या कशा द्यायच्या? म्हणून आजोबा संचालकांना शिव्या देत, पंचांना देत, शारीरिक प्रशिक्षकाला देत. बेंजीला मात्र फक्त सल्ला. "त्याला कुणीतरी सांगायला हवं," असं म्हणत. ते कुणीतरी मी असावं, अशी त्यांची अपेक्षा आहे की काय, अशी मला कधीकधी धास्ती वाटे.

पुनर्बांधणीचा इतिहास त्यांनी मला क्रमवार सांगितला. बाद फेरी शेवटची गाठली ती २०११ मध्ये. पुढच्या वर्षअखेर विजेतेपद मिळवून देणाऱ्या टिम शीन्सना काढलं. मग पाडा आणि बांधा. पहिले आठ संघ बाद फेरीत जातात. २०१६, २०१८ आणि २०१९ मध्ये टायगर्स नववे. नववं येणं ही काय चीज आहे, हे डोंबिवली फास्टच्या दारात लोंबकळत हात सुटलेल्यालाच कळेल. त्यानंतर २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं शेवटचा नंबर, म्हणजे तिकडच्या भाषेत लाकडी चमचा. मधल्या वर्षी प्रशिक्षक कोण? तर पुन्हा टिम शीन्स. आमच्या बिल्डरलाही इतकं सुचलेलं नाही.

पण आजोबांचा सिद्धान्त वेगळाच होता. घर वाईट नाही, घर सोडणाऱ्याचं भलं होतं, एवढंच. पाकिटामागे त्यांनी मला तो मांडून दाखवला. क्लबात चार गुणी पोरं एकदम उमलली होती: टेडेस्को, मोझेस, वूड्स, ब्रूक्स. चौघांचे करार २०१७ मध्ये एकदम संपत होते. नवे प्रशिक्षक आयव्हन क्लिअरी म्हणाले, ज्यांना यायचंय त्यांनी बसमध्ये चढा. ब्रूक्स चढला, बाकी तिघं उतरले. टेडेस्को रूस्टर्सकडे गेला आणि २०१८, २०१९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेऊन बसला. २०१८ संपताना खुद्द ड्रायव्हरच उतरला. क्लिअरी पेनरिथला गेले आणि २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार विजेतेपदं!

"मधलं २०२०?" मी विचारलं. मला वाटलं, सापडली फट.

"मेलबर्न. जॉश अॅडो-कार. २०१६ मध्ये आमच्याकडे होता. अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू पॅपनहायझन, तोही आमच्या तरुण संघातून गेलेला. आणि २०१७ लाही मेलबर्नच, तेव्हाही अॅडो-कार." त्यांनी पेन खाली ठेवलं. "२०१७ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही, मेट. ऑस्ट्रेलियात विजेतेपद मिळवायचं असेल तर आधी आमच्याकडून जावं लागतं."

एवढ्या खात्रीचा माणूस मी पंचांगकर्त्यांतही पाहिला नाही.

म्हणूनच लॅकलन गॅल्विनचं नाव त्या घरात हळू आवाजात घेत. एकोणीस वर्षांचं पोर, सहा नंबर खेळणारं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यानं करार वाढवायला नकार दिला आणि मोसम अर्ध्यावर टाकून बुलडॉग्जकडे गेलं. आजींनी त्याला कृतघ्न म्हटलं. आजोबा म्हणाले, "छे, त्याला जिंकायचं असेल." मात्र तरुण घडवायचे की तयार विकत आणायचे, हा वाद तिथं खराखुरा होता, आणि त्यात मला आजींचं म्हणणं पटलं. कॅम्पबेलटाउनच्या बाजूला पोरं शाळेत जायच्या वयापासून खेळतात; ती खाण आपली, खोदतो आपण आणि माल भरून नेतात दुसरे. मग आपण बाजारात जाऊन पेनरिथचा माल आणतो: आधी कोरोइसाउ, आता चार विजेतेपदं खिशात असलेला जरोम लुआय, पाच वर्षांच्या करारावर. "त्यापेक्षा आहेत त्या पोरांना दोन वर्षं हरू द्या," आजी म्हणाल्या.

"हरतोच आहोत की," आजोबा म्हणाले.

"तेच तेच म्हातारे हरतायत. पोरांना संधी कुठंय?"

अखेर एका रविवारी आजोबा मला लाइकार्टला घेऊन निघाले. आजी आल्या नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता. ज्येष्ठांच्या सोनेरी ओपल कार्डावर तिकडचे म्हातारे अडीच डॉलरमध्ये दिवसभर कुठंही फिरतात. माझं कार्ड पाहुण्याचं, त्यामुळे माझे पैसे कापले गेल्याचा यंत्राचा आवाज ऐकून ते दर वेळी खूश होत. सेंट्रलपर्यंत गाडी, तिथून ट्राम. ट्राम जुन्या मालगाडीच्या रुळांवरून मासळीबाजार, ग्लीब, खाडीतल्या बोटी अशी वळणं घेत जाते. मला खिडकीबाहेर बघायचं होतं. आजोबांना बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आणावा यावर बोलायचं होतं. आम्ही त्यांना हवं तेच केलं.

लाइकार्ट ओव्हलला तिथले लोक जगातलं आठवं आश्चर्य म्हणतात. हसत म्हणतात, पण तुम्ही हसलेलं चालत नाही. एका बाजूला गवताची टेकडी, त्यावर माणसंच माणसं. कुणी गोधडी आणलेली, कुणी पोरगं खांद्यावर घेतलेलं, मुतारीपुढे रांग तर थेट रेशनच्या दिवसांतली. एक कठडा २०२२ मध्ये शाळांच्या सामन्यात कोसळला होता; पुढे २०२४ मध्ये डागडुजीसाठी चार कोटी डॉलर जाहीर झाले. "म्हणजे मैदानही रीडेव्हलपमेंटला?" मी म्हटलं. आजोबांनी मान डोलावली. पलीकडे जुना गुणफलक दिसत होता. ते तीर्थस्थान. रॉबी फराह, आयुष्यभर या क्लबाचा हूकर, २०१६ मध्ये प्रशिक्षकाला नकोसा झाला आणि राखीव संघात ढकलला गेला. तिथला सामना संपल्यावर तो या गुणफलकावर चढून बिअर पीत बसला. "निवड चुकली की असं होतं," आजोबा म्हणाले. दोन वर्षांनी फराह परत आला, हेही त्यांनी सांगितलं. पण ते सांगताना टोपी काढली नाही.

समोरचा संघ कोणता होता हे मी सांगत नाही, कारण त्याला काही महत्त्व नव्हतं. आजोबांची लढाई आपल्याच बाकाशी होती. टेकडीवरचे सगळे दर दोन मिनिटांनी पंचाकडे बघून "ऑनसाइड!" असं ओरडत, मीही ओरडायला लागलो. कुणाच्या बाजूनं ओरडतोय ते कळत नव्हतं, पण छाती मोकळी होत होती. पावसाची भुरभुर, हातात सॉस घातलेले चिप्स, चेंडू अंगावर घेऊन भिंतीत शिरावं तशी शिरणारी माणसं. आणि आजोबांच्या पाकिटावर ज्याला जागाच नव्हती तो खेळाडू शेवटी शेवटी आत आला, दोघांना झटकून, चेंडू रेषेपलीकडे टेकवून ट्राय मारून मोकळा झाला. टायगर्स जिंकले. टेकडी नाचत होती. ओळख ना पाळख, एका दांडगट माणसानं मला मिठी मारून पाव मिनिट जमिनीपासून वर ठेवलं.

खाली आल्यावर बघतो तर आजोबांचा चेहरा पडलेला.

"काय झालं? जिंकलो ना!"

"तेच तर," ते म्हणाले. "आता मंगळवारी हाच संघ ठेवणार."

परतीच्या ट्राममध्ये ते बराच वेळ गप्प होते. ग्लीबपाशी त्यांना एकदम आठवलं की त्या ट्रायच्या आधीचा पास पुढे, म्हणजे नियमाबाहेर, गेला होता. मग त्यांना भूक लागली.

मोसम संपला तेव्हा मी ठाण्यात होतो. टायगर्स तेरावे आले. चमचा दुसऱ्याला गेला, म्हणून आजोबांनी हवालदिल होऊन मेसेज केला की आता पुनर्बांधणी थांबवतील. ऑक्टोबरच्या पाच तारखेला मात्र त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ब्रिस्बेन ब्राँकोजनी अंतिम सामन्यात मेलबर्नला २६-२२ असं हरवलं होतं. प्रशिक्षक मायकेल मग्वायर. २०२२ च्या मोसमात टायगर्सनी अर्ध्यातून काढून टाकलेले.

"नऊ!" आजोबा ओरडले. चेहरा असा की करंडक त्यांच्याच कपाटात यायचा आहे. "सलग नववं वर्ष! आमच्याकडून सुटलेला माणूस जिंकला!"

मागून आजींचा आवाज आला. "त्यांना सांगा, ह्यांचंही सभासदत्व काढून घ्यायला क्लबाला पत्र लिहितेय. निदान लॉटरी तरी लागेल."