पटकन सुटणारं चाक

“काका, चाक काढायला पाना लागत नाही. नुसत्या हाताने निघतं!” हे दुकानदाराने मला सायकलचा गुण म्हणून सांगितलं. मी सदाशिव पेठेतला. आमच्याकडे पाणपोईचा पेलासुद्धा साखळीला बांधतात. जे चाक मला हाताने काढता येतं, त्यासाठी चोर काय पाना शोधत बसणार? तरी घेतली.

या क्विक रिलीजचं श्रेय इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोला देतात. १९२७ साली म्हणे एका शर्यतीत, डोंगरावरच्या थंडीत त्याची बोटं इतकी गारठली की चाकाचा नट फिरेना. तेव्हा गिअर बदलायचा तर मागचं चाक काढून उलटं बसवावं लागे. खरंखोटं तो जाणे. गारठलेल्या माणसाबद्दल शंका घेऊ नये.

पुढे अमेरिकेत लोक क्विक रिलीजची दांडी नीट न लावताच निघू लागले आणि चाक निखळलं की थेट कोर्टात जाऊ लागले. मग फोर्कच्या टोकांना उंचवटे आले. दांडी सैल झाली तरी चाक त्यांत अडकून राहतं. तिकडचे सायकलवाले त्यांना ‘वकिलांचे ओठ’ म्हणतात. आता वकिलाच्या ओठांतून काही पटकन सुटतं का? दांडी उघडा, नट पाच-सहा फेरे सैल करा, मग चाक निघणार. बसवताना नट पुन्हा तेवढाच आवळा. एवढ्यात आपला १५ नंबरचा पाना दोन चाकं काढून चहा प्यायला असता.

ते ओठ घासूनच टाकायचे, असं ठरवून माळ्यावरची कानस पिशवीत घातली आणि मेकॅनिककडे गेलो. पोरगा पुढच्या चाकाशी वाकला आणि तसाच राहिला.

“काका, ही दांडी कुणी लावली?”

“मी. नळाच्या तोटीसारखी फिरवत गेलो, फिरेनाशी झाली तेव्हा थांबलो.”

“फिरवायची नसते. मिटायची असते!” त्याने दांडी उघडली, एका हाताने धरून पलीकडचा नट थोडा आवळला. दांडी अर्ध्यावर सरळ उभी असताना जोर लागू लागला. तळव्याने रेटून त्याने ती मिटली आणि तळव्यावर उठलेला वळ मला दाखवला. “असा वळ उठला पाहिजे. कधीपासून चालवताय अशी?”

“गणपतीपासून.” होळी चार दिवसांवर आली होती.

“सिंहगडला नाही ना गेलात?”

“दोनदाच.”

त्याने दांडी पुन्हा माझ्यासारखी केली, सायकल पुढून उचलली आणि चाकाला वरून एक धपाटा घातला. चाक खटकन खाली आलं आणि त्या ओठांवर अडकून लोंबकळत राहिलं. आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो.

“पिशवीत कानस कशाला आणलीये, काका?”

“घरी दार घासतंय जरा,” मी म्हणालो.