गिलाव्याचा वैरी

पूर्वी हातात चार पैसे आले की माणूस घराच्या भिंती झाकायचा. आधी गिलावा, मग पुट्टी, मग रंग, आणि त्यावर खिळा ठोकून सराफाचं कॅलेंडर. आता पैसे आले की माणूस आधी भिंतींचे कपडे उतरवतो. या जमातीला मी 'गिलाव्याचे वैरी' म्हणतो. तिचा अस्सल नमुना आमच्याच घरात निपजला आहे: माझा भाचा.

त्यानं लोअर परळला एकविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. एजंट त्या भागाला 'अप्पर वरळी' म्हणत होता, पण भाच्याला परळच हवं होतं. "मामा, गिरणगावचा फील आहे ना! घर इंडस्ट्रियल करतोय, एकदम रॉ." रॉ म्हणजे कच्चं. आपल्याकडे कच्चा माल स्वस्त असतो. हा मात्र पक्क्याच्या दुप्पट भावानं येत होता.

गिलाव्याचा वैरी ओळखायचा तो चोर बाजारात. तिथे सगळे वस्तूंचा गंज दाखवून भाव पाडतात, हा गंज पाहून भाव चढवतो. दुकानदारानं फडकं उचललं की हा किंचाळतो, "पुसू नका!" दुकानदारही शहाणे झालेत. भाच्याचा नेहमीचा दुकानदार म्हणे नवी कपाटं पावसाळाभर गच्चीवर ठेवतो आणि दिवाळीत 'जुनी' म्हणून विकतो.

खरी पंचाईत भिंतीची झाली. भाच्याला उघड्या विटा हव्या होत्या आणि त्या टॉवरमध्ये औषधाला वीट नव्हती. सगळ्या भिंती साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या. मग एका भिंतीवर विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ फरश्या चिकटवल्या. दुसऱ्या भिंतीला काँक्रीटचा 'लुक' हवा होता. आत खरं काँक्रीट, त्यावर बिल्डरची पुट्टी, आणि पुट्टीवर काँक्रीटसारखा दिसणारा रंग! वायरिंगचे पाईप भिंतीच्या पोटात गेलेलेच होते, म्हणून बाहेरून काळे लोखंडी पाईप फिरवले. ते स्वयंपाकघरातून निघून हॉलभर हिंडतात आणि पुस्तकांच्या फळीपाशी येऊन थांबतात. वर एडिसनच्या काळातले दिसणारे, आत तार लोंबणारे बल्ब. आत एलईडी, प्रकाश मात्र चाळीच्या जिन्यातला.

या माणसाला इतिहास तोंडपाठ असतो. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये कारखाने ओस पडले, रिकाम्या गाळ्यांत कफल्लक चित्रकार राहायला आले, गिलाव्याला पैसे नसल्यामुळे भिंती तशाच राहिल्या, आणि कफल्लकांची ती अडचण पुढे श्रीमंतांची फॅशन झाली. "आणि आप्पा, १९८२मध्ये तिथे कायदाच झाला, गाळ्यांत राहणाऱ्यांना संरक्षण देणारा!" हे तो आपल्या वडिलांना सांगत होता. आप्पा म्हणजे माझे भावोजी, त्याच परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही संपावर गेले, ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. पुढची पंचवीस वर्षं वॉचमनची खुर्ची. ते नुसतं म्हणाले, "हो का? बरं झालं त्यांचं."

वास्तुशांतीला आप्पांनी घर फिरून पाहिलं. पाईपाला टिचकी मारली. "यातून काय जातं रे?"

"काही नाही, आप्पा."

"मग गळायचा तरी नाही."

दाराशी किल्ल्या ठेवायला चोर बाजारातला मागाचा एक धोटा अडकवला होता. आप्पांनी किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या, धोटा तळहातावर तोलला, आणि त्याच्या लोखंडी टोकावरून अंगठा फिरवला. "टोक झिजलंय. साच्यातून उडाला तर शेजारच्याचा डोळा घेऊन जाईल." आणि तो जागेवर ठेवताना त्यांनी टोक काळजीपूर्वक भिंतीकडे केलं.

बाल्कनीचं दार उघडून भाचा म्हणाला, "गिरणीसारखं मोकळं वाटतं ना?"

"खिडकी उघडू कोण देत होतं?" आप्पा म्हणाले. "हवा कोरडी झाली की सूत तुटायचं."

मग माणसं जमली आणि घरानं खरा गुण दाखवला. पडदे नाहीत, गालिचा नाही, सगळं लोखंड आणि काँक्रीट. गुरुजींचा एकेक मंत्र तीनदा ऐकू यायला लागला. चाळीस माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडत होती आणि कुणालाच काही कळत नव्हतं. एकटे आप्पा कोपऱ्यात बसून मजेत हसत होते. साच्यांच्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय. तीस पावलांवरच्या गप्पा त्यांना समोर बसल्यासारख्या कळत होत्या.

"आप्पा, त्या काकू काय म्हणतायत हो?" भाच्यानं कौतुकाच्या आशेनं विचारलं.

"म्हणतायत, पोरगं हप्त्यांत बुडालेलं दिसतंय. गिलाव्यालाही पैसे उरले नाहीत."

पुढच्याच महिन्यात सूनबाईनं घुमणाऱ्या आवाजाला वैतागून हॉलभर जाड सुती पडदे लावले. विटांच्या फरश्या अर्ध्याअधिक झाकल्या गेल्या. भाचा हिरमुसून बसला होता. आप्पांनी पडद्याचं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं, उजेडाकडे धरून वीण पाहिली.

"हां," ते म्हणाले, "आता गिरणी वाटते."