बैठक कुठे झाली?

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. वहिनी भाकऱ्या थापत होती आणि दारात रजिस्टर आलं. "काकू, एवढी सही करा. आरोग्य समितीची बैठक झालीये." वहिनीने पदराला हात पुसले, सही केली आणि परत परातीशी बसली. पानावर अंगठ्याएवढा बाजरीच्या पिठाचा डाग राहिला. बैठक कुठे झाली, असं मी विचारलं. "कुणास ठाऊक! भाऊजी, मी समितीत आहे हेच मला मागच्या सहीला कळलं."

रजिस्टर घेऊन उन्हातान्हात हिंडणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. वरून कागद मागतात, त्या कागद पुरवतात. राग आहे तो सहीला बैठक म्हणणाऱ्या रीतीवर. ग्राम आरोग्य समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, असा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. टाकी शेवटची कधी धुतली, नर्सबाई कोणत्या वारी येतात, कुणाचं पोर वाळत चाललंय, हे गावात बायकांना आधी कळतं. ते कुणी विचारतच नाही. त्यांची फक्त सही घेतात.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली आलं आणि गावाला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी ठरला. म्हणजे दिवसाला 27 रुपये. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण ती कशावर खर्चायची हे गावाने बसून ठरवायचं आहे. रात्री अडलेल्या बाळंतिणीला गाडी करून देण्याइतकं तरी त्यात होतं. बसलंच नाही तर ठरवणार कोण?

गावात आरोग्य समिती, तशा सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समित्या. त्यांचं मूळ इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आहे. 1994 साली सुरतेत प्लेग झाला, त्या सुमाराला या रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांना हाताशी धरलं, इमारत रिकामी करवली, उंदीर मारले, डागडुजी केली. पुढे हे टिकवायला समिती नेमली. उत्तम झालं. पण समितीला पैसा हवा म्हणून रुग्णांकडून शुल्क घेणं सुरू झालं. दारिद्र्यरेषेखालच्यांना सूट होती. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाने आधी आपण गरीब असल्याचं सिद्ध करायचं. ज्याचं कल्याण करायचं त्याच्याच खिशात हात घालणं मला तेव्हाही पटलं नसतं, आजही पटत नाही. सरकारी दवाखान्याची झाडलोट आणि रंगरंगोटी सरकारच्या पैशातूनच व्हायला हवी.

समिती जागी होते ती बाहेरून कुणी दार वाजवलं की. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. 2007 साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या 5 जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्यभराची जुळवाजुळव पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होती, गावोगावी स्थानिक संघटना. लोकांनीच आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं: चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाई. औषध बाहेरून आणा म्हणून दिलेली चिठ्ठी बाई चारचौघांत दाखवणार, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. फायलीतली तक्रार वर्षभर पडून राहते. माईकवर बोललेली तक्रार दाबता येत नाही.

म्हणूनच 'हे संघटनावाले राजकारण करतात' अशी ओरड होते. दवाखान्यात औषध मागणं हे राजकारण असेल, तर ते प्रत्येक गावात व्हावं. संघटनांनाही एक सांगणं आहे. प्रकल्पाचा निधी संपला की गाव सोडू नका. जाण्याआधी गावातल्या चार जणींना तरी प्रश्न विचारायची सवय लावा.

आणि सरकारकडे मागणं अगदी थोडं आहे. बैठकीची तारीख आठ दिवस आधी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. झालेला खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. बैठक झाली नसेल तर रजिस्टरचं पान कोरं राहू द्या. कोऱ्या पानावरून निदान खरं काय ते तरी कळेल.

निघायच्या दिवशी वहिनी एसटीपर्यंत सोडायला आली. "ते रजिस्टर मी बघायला मागितलं तर दाखवतील का हो?" म्हटलं, दाखवावंच लागेल, तुमची सही आहे त्यावर.

"मग आधी काट्याचं विचारते," ती म्हणाली. "अंगणवाडीतला वजनकाटा दिवाळीपासून बंद आहे. पोरांची वजनं नुसती अंदाजाने लिहितात."